डाव्या बाजूला बसणारी माणसं

६ जानेवारी

ही वही बायकोनं आणून दिली. म्हणाली, "अहो, रोज माझं डोकं खाता, त्यापेक्षा हिचं खा." म्हणून लिहायला बसलो आहे.

नदीच्या या काठावरची माणसं त्या काठावर नेणं आणि परत आणणं हा आमचा धंदा. बोटीचं चाक माझ्याकडे, बांधायचा दोर तिच्याकडे. लग्न झालं तेव्हा मी दुसऱ्याची होडी वल्हवत होतो, आता इंजिनाची बोट स्वतःची आहे. घरात कोणाचं चालतं ते शेजाऱ्यांना ठाऊक आहे, पण बोटीवर माझा शब्द शेवटचा. बोट चालवायचा परवाना तिच्याकडेही आहे. परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते, हे विचारलं नाही तरी ती सांगते. पण एका बोटीवर दोन कप्तान नकोत म्हणून ती दोर धरते.

डोकं खाण्यासारखी गोष्ट म्हणजे पलीकडचा नवा धक्का. जुना लाकडी काढून टाकला आणि सिमेंटचा बांधला. राखाडी पाणी, त्याच्यावर राखाडी सिमेंट. एक संपतं कुठे आणि दुसरं सुरू कुठे होतं ते समजायला ज्योतिषी हवा. शिवाय माझी खात्री आहे की तो तिरका बांधला आहे. आज बोट दणकन आदळली. एका बाईंच्या पिशवीतले बटाटे सगळीकडे पळाले. अलीकडच्या धक्क्याला मी बोट लोण्यात सुरी घालावी तशी लावतो. तिकडेच का आदळते मग? दोष माझा असता तर दोन्हीकडे आदळली असती.

धक्का बांधणाऱ्या कार्यालयात अर्ज दिला आहे, की कडेला निदान पांढरा पट्टा तरी मारा.

११ जानेवारी

कार्यालयातून उत्तर आलं. पट्टा गेल्याच महिन्यात मारला आहे म्हणे. बायकोला विचारलं, "तुला दिसतो का गं पट्टा?" ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आहे आपला, पुसटसा." म्हणजे रंगात पाणी घातलं असणार. या लोकांना कोण बोलणार?

१७ जानेवारी

आज एका नव्या पाहुण्याला झापलं. अलीकडच्या धक्क्याला बोट लागताना या शहाण्यानं कठड्यावरून पाय बाहेर काढला, बोट थोपवायला. मी खिडकीतून असा ओरडलो की त्याच्या हातातलं वर्तमानपत्र पाण्यात पडलं.

मी रोज सुटताना तेच सांगतो. हात आत, पाय आत, बोट बांधून होईपर्यंत बूड बाकावर. ऐकणारे ऐकतात, बाकीचे जांभया देतात. खरी गंमत अशी की बोट वेगात आली तर माणूस आपोआप मागे सरतो. ती हळू येते तेव्हाच त्याला वाटतं, एवढंच तर थोपवायचं आहे. म्हैससुद्धा हळूच चालते, पण तिच्या आणि भिंतीच्या मध्ये कोणी पाय घालतं का? आणि ही तर लोखंडाची, पोटात माणसं भरलेली. मध्ये आलेला पाय तिला कळतसुद्धा नाही. धक्क्याला टायर लावलेत ते मार खाण्यासाठीच. बोट आपटली तर आपटू द्यावी, टायर फाटला तर दुसरा मिळतो.

एवढं सगळं मी त्या पाहुण्याला सांगितलं. तो उतरताना नमस्कार करून गेला. बायको म्हणाली, "परत यायचा नाही तो."

२४ जानेवारी

पलीकडे पुन्हा आदळली. रोजचा टेलर बोलत होता, त्याची जीभ चावली गेली. जिभेला तेवढीच विश्रांती, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही. एरवी याहून फालतू विनोदाला हसतात.

जेवताना बायकोनं विचारलं, "आज धुकं होतं का हो तुमच्या बाजूला?" एकाच बोटीवर माझ्या बाजूला वेगळं धुकं कसं असेल? पण खरं सांगायचं तर होतं. सकाळी धक्क्यावरचे दिवे तर असे फुटून दिसतात हल्ली, भोवती मोठं वर्तुळ. कार्यालयानं दिवेही स्वस्तातले आणलेले दिसतात.

३ फेब्रुवारी

बायकोला नवीन खोड लागली आहे. पलीकडचा धक्का जवळ आला की पुढच्या टोकाला उभी राहून ओरडते, "वीस हात... बारा हात... पाच, पाच..." जन्मात कधी केलं नाही ते आता. मी म्हटलं, "लिलाव चाललाय का?" तर म्हणे, "आवाज मोकळा होतो." अलीकडच्या धक्क्याला मात्र आवाज मोकळा करायची गरज पडत नाही बाईसाहेबांना. ऐकून न ऐकल्यासारखं करतो, पण ती पाच म्हणाली की हात आपोआप गियरवर जातो, हे इथे लिहायला हरकत नाही.

१२ फेब्रुवारी

जमलं. आठवडा झाला, पलीकडच्या धक्क्याला बोट अशी लागते की चहाचा कप ठेवला तर सांडू नये. आदळणं बंद, दणका बंद. तिरक्या धक्क्यालाही शेवटी माझा हात बसला. आज शाळेच्या बाईंना मुद्दाम म्हटलं, "काय बाई, कळलं तरी का बोट लागल्याचं?" बाई म्हणाल्या, "नाही काका, खरंच नाही कळलं." आणि सगळे माना डोलवायला लागले. माणसं चांगली आहेत. इतकी वर्षं नेतो-आणतो, पण कौतुक करायची अक्कल आत्ता आली.

रात्री झोप छान लागते आहे. महिनाभर जीव टांगणीला लागला होता, ते कोणाला दाखवलं नाही इतकंच. बोट लावता आली नाही तर मी कोण? गोष्टी सांगणारा एक म्हातारा.

१६ फेब्रुवारी

जाताना सगळे डाव्या बाजूला बसतात. बोट तिकडे कलते, मला चाक ओढून धरावं लागतं. विचारलं तर टेलर म्हणाला, "कप्तान, उजवीकडे ऊन लागतं." मी वर पाहिलं, आभाळ गच्च भरलेलं. शाळेच्या बाई म्हणाल्या, "वारा हो काका, डावीकडून छान येतो." येताना मात्र वाटेल तिथे बसतात. मेंढरांचं कसं असतं, एक जिथे गेलं तिथे सगळी.

पलीकडच्या धक्क्याला डावी बाजू लागते, अलीकडच्याला उजवी. उतरायची घाई असेल, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी

टेलर आज गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आला. पावसाचा पत्ता नाही. बूट त्याच्या मेव्हण्याचे, त्यात टेलरसारखे दोन टेलर मावतील. चालताना पाय आधी जातो आणि बूट मागून येतो. मी म्हटलं, "शिलाई मशीन चिखलात चालवतोस की काय?" तो म्हणाला, "तब्येतीला बरे असतात, कप्तान." दिवसभर आठवून हसलो. बायकोला सांगितलं तर ती हसली नाही. भांडी घासत राहिली. तिला हल्ली कशातच हसू येत नाही, विचारलं तर "काही नाही" म्हणते.

२७ फेब्रुवारी

ही वही वाईट छापली आहे. ओळी दिसत नाहीत. जाड पेन आणलं. बायको म्हणाली, "तुमच्या ओळी एकमेकींच्या खांद्यावर बसल्यात." मग म्हणाली, "एकदा डोळे दाखवून येऊ या का?" मी म्हटलं, "वही दाखव दुकानदाराला."

४ मार्च

आज झालं ते लिहून ठेवतो.

सकाळची पहिली फेरी. पलीकडे पोचत होतो, बायको ओरडत होती, आठ, पाच, तीन. मी गियर सोडला. आणि डावीकडून आवाज आला, माणसाचा. मी बोट मागे घेतली आणि केबिनमधून बाहेर धावलो.

टेलर बाकावर आडवा पडला होता. एका पायात बूट, दुसरा पाय मोज्यावर. दुसरा बूट धक्क्याच्या कडेला चिकटून होता, सिमेंटवर पोस्टाचं तिकीट चिकटवावं तसा चपटा. मी बघत असतानाच तो सुटून पाण्यात पडला.

बूट ढगळ होता म्हणून पाय निघाला. टेलरचा पाय. त्याच पायानं तो मशीन चालवतो, घरातली तोंडं त्याच पायावर जगतात.

मग माझा तोल सुटला. काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "उद्यापासून माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. पोहत जा." तो पाय चोळत होता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. माझा राग त्यानं आणखीच वाढला.

शाळेच्या बाई उठल्या. म्हणाल्या, "काका, एकट्या त्याला बोलू नका. आम्ही सगळेच लावतो पाय."

"म्हणजे?"

"रोज. सगळे मिळून. म्हणून तर इकडे बसतो."

"कशाला?" मी विचारलं. एक जण चपलेकडे बघत होता, एक जण नदीकडे.

पुढून बायको आली. दोर तिच्या हातातच होता. ती म्हणाली, "बोट आदळते ते तुम्हाला कळू नये म्हणून."

तिनं दोर टाकून बोट बांधली, आणि माणसं खाली मान घालून उतरली. टेलरला बाईंनी आधार दिला. एका पायात बूट घालून तो गेला, आणि जाताना म्हणाला, "उद्या येऊ ना, कप्तान?" मी मान हलवली असेन.

पुढची फेरी सोडायची वेळ झाली होती. धक्क्यावर माणसं उभी होती, त्यांना थांबा म्हटलं. रिकाम्या बोटीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "दोर सोड. आणि तोंडातून आवाज काढायचा नाही."

नदीत वळसा घालून मी परत धक्क्याकडे आलो. माझ्या हिशेबानं अजून दहाएक हात बाकी होते, तेव्हाच बोट आदळली. ती पुढे कठडा धरून खाली बसली होती म्हणून पडली नाही. पुन्हा वळसा घातला. पुन्हा आदळली, आधीपेक्षा जोरात, टायर फाटल्याचा आवाज आला.

तिसऱ्यांदा इतक्या हळू आलो की नदी थांबल्यासारखी वाटली. आता लागलीच, असं वाटलं तिथे बोट थांबवली. बाहेर येऊन डाव्या कठड्यापाशी उभा राहिलो, उतरायला म्हणून. समोर धक्का नव्हता, पाणी होतं. एक माणूस सहज पडून बोटीखाली जाईल एवढं पाणी.

मग मी ते केलं, जे दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. डावा डोळा हातानं झाकला. धक्का लख्ख दिसला, कडेला पांढरा पट्टा, चांगला वीतभर रुंद. मग उजवा झाकला. दुधाच्या रिकाम्या पिशवीतून बघावं तसं. धक्का नाही, पट्टा नाही, बायकोसुद्धा नाही, नुसता एक रंग हलत होता, तो तिच्या साडीचा.

मी तिला म्हणालो, "ये, चाक धर." ती आली. तिनं बोट लावली. मी बाकावर बसून राहिलो.

५ मार्च

बोट बंद. केबिनच्या दारावर पाटी लावली.

दिवसभर तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मी त्यांना ओरडले होते हो. पाय आत घ्या म्हणून. पण त्या दिवशी बोट लागल्यावर तुमचा चेहरा असा खुलला, किती दिवसांनी. मग मी दुसरीकडे बघायला लागले. रोज वाटायचं, उद्या सांगू."

मी म्हटलं, "त्याचा पाय गेला असता."

"हो," ती म्हणाली.

मला राग आला आहे. तिचा, त्या सगळ्यांचा. मला लहान मुलासारखं खेळवलं. मी तिकडे छाती फुगवून विचारत होतो, कळलं का बोट लागल्याचं, आणि ते पाय झटकत माना डोलवत होते. लाज वाटते आहे, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. डोळे मिटले की तो चपटा बूट दिसतो. हा एवढा मात्र दोन्ही डोळ्यांना सारखाच दिसतो.

१० मार्च

डोळ्यांचे डॉक्टर पलीकडच्या काठाला बसतात. दुसऱ्याच्या होडीनं गेलो. डॉक्टर तरुण आहेत, बोलायला मोकळे. मोतीबिंदू पिकला आहे म्हणाले, काढू, दिसेल. तोवर बोट चालवायची नाही, आणि नंतरही ते सांगेपर्यंत नाही. मग त्यांनी विचारलं, "एका डोळ्यानं इतके दिवस बोट लावली कशी? अंतर कसं कळायचं?"

मी म्हटलं, "मदत होती."

१४ मार्च

टेलर घरी आला. दोघंही चहा फुंकत बसलो. मी म्हटलं, "तुला बोललो ते..." तो म्हणाला, "सोडा हो. मेव्हणा जास्त बोलला, बुटासाठी." मग म्हणाला, "बोट कधी सुरू? शाळेच्या बाई लांबच्या पुलावरून जातात, रोज उशीर होतो."

तो गेल्यावर बायकोला म्हणालो, "तुझ्याकडे परवाना आहे ना? की नुसतेच मार्क?"

ती म्हणाली, "तुम्ही केबिनमध्ये येऊन उभे राहणार असाल तर मी चालवणार नाही."

२१ मार्च

आज बोट सुरू झाली. चाक तिच्याकडे. दोर टाकायला तिचा भाऊ आला आहे, जन्मात कधी वेळेवर उठला नाही तो आज माझ्या आधी धक्क्यावर हजर. मी प्रवासी. शस्त्रक्रियेसाठी जायचं होतं, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन डाव्या बाजूच्या बाकावर बसलो. शेजारी टेलर, साध्या चपला घालून. समोर शाळेच्या बाई.

सुटायच्या आधी मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं. नेहमीचंच, पण हळू आवाजात. आज कोणाचा पाय दिसला तर मी नदीत उडी मारीन असंही म्हणालो. कोणी जांभई दिली नाही.

ती छान चालवते. प्रवाहाला बोट तिरकी धरून नेते, मी नेतो तशीच, इतकी वर्षं पुढे उभी राहून बघत होती तर. पलीकडचा धक्का आला तेव्हा मी उजव्या डोळ्यानं अंतर बघत होतो. जरा वेग जास्त होता. गियर सोडायला हवा होता, तिनं सोडला नाही. मी केबिनकडे पाहिलं. काचेतून तिचा चेहरा दिसला, दात ओठांवर घट्ट, पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या मुलीसारखी. मनात आलं, आता आदळणार. पहिल्याच फेरीला, सगळ्यांसमोर.

आणि माझा पाय कठड्यावरून बाहेर गेला.

मी नेला नाही, तो गेला. मला कळलं ते टेलरनं माझा गुडघा दोन्ही हातांनी धरून आत ओढला तेव्हा. त्यानं तो सोडलाही नाही. लगेच दणका बसला, सगळी बोट हादरली, माझी पिशवी खाली पडली. टायरनं सगळं पोटात घेतलं. एकाचाही पाय बाहेर नव्हता.

तिच्या भावानं दोर टाकला, बोट बांधली. तेव्हा ती केबिनमधून बाहेर आली. चेहरा उतरला होता.

"फार जोरात लागली का हो?"

"छे, कुठे," शाळेच्या बाई म्हणाल्या.

"कळलंसुद्धा नाही," टेलर म्हणाला. त्याचे हात अजून माझ्या गुडघ्यावर होते. बाकीचे माना डोलवायला लागले, अगदी तशाच.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मलाही तेच म्हणावंसं वाटलं, देवाशपथ. तोंडापर्यंत आलं होतं.

"जोरात लागली," मी म्हणालो. "गियर उशिरा सोडलास. धक्क्याचा पहिला खांब आला की सोडायचा. परतीच्या फेरीला तसं कर."

तिनं मोठा श्वास सोडला. "पहिला खांब," ती म्हणाली. "बरं." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली, डोळे पुसत.

उतरताना तिनं माझा हात धरला. धक्क्यावर माझे दोन्ही पाय नीट टेकले तरी सोडला नाही, आणि मागची माणसं घाई न करता आपापल्या बाकावर बसून राहिली.